एका वर्षात दोन चैत्र

येत्या ३१ मार्चला आयकराचं वर्ष संपेल, तेव्हा सप्तशृंग गडावर चैत्रोत्सव भरात असेल. यंदा रामनवमी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. गेल्या वर्षी रामनवमी ६ एप्रिलला होती, पौर्णिमा १२ एप्रिलला. म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या एकाच आर्थिक वर्षात वणीच्या दुकानदाराच्या गल्ल्यात दोन चैत्रयात्रांची कमाई जमा होणार आहे. पुढे मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ ची रामनवमी १५ एप्रिलवर जाते. २०२६-२७ च्या वाट्याला यात्रेचे शेवटचे एक-दोन दिवस तेवढे उरतात.

मी वणीत लोकांची खाती लिहिते आणि रिटर्न भरते. बी.कॉम. झाले, मग जी.डी.सी. अँड ए. केलं, आणि लग्नानंतरही गाव सोडलं नाही. माझ्याकडे येणारी माणसं म्हणजे नारळ-ओटीचे दुकानदार, खानावळवाले, लॉजवाले, पिकअपवर द्राक्षांचे क्रेट वाहणारे, खतं-औषधांचे विक्रेते, जिल्हा परिषदेचे शिक्षक. मार्च आला की यांतल्या बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “ताई, कुठे काय बसवता येईल ते बघा.” बसवायचं म्हणजे वजावट. मला या लेखात सांगायचं आहे ते हे की, आमच्यासारख्या गावात वजावटीपेक्षा तारीख मोठी आहे. माणसं करापेक्षा तारखेनं जास्त बुडतात, आणि तारखेचं हे ओझं सरकारनं सगळं करदात्याच्या खांद्यावर ठेवलं आहे.

दोन चैत्रांचं आधी बघू. वणीतल्या एका लॉज-खानावळीचं उदाहरण घ्या. एरवीच्या वर्षात मालकाचं निव्वळ उत्पन्न ११ लाख. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कलम ८७अ ची सवलत मिळते, तेव्हा कर शून्य. यंदा दुसऱ्या यात्रेचे दीड लाख याच वर्षात आले आणि उत्पन्न साडेबारा लाख झालं. टप्प्यांप्रमाणे कर होतो ६७,५०० रुपये. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर लागू नये म्हणून कायद्यानं सीमांत सवलत ठेवली आहे. ती धरून कर ५०,००० वर येतो, त्यावर चार टक्के उपकर २,०००. एकूण ५२,०००. सवलतीच्या रेषेवरचे पन्नास हजार सगळे गेले, वर दोन हजार खिशातून. पुढच्या वर्षी याच माणसाकडे यात्रेची कमाई जवळजवळ नसणार. उत्पन्न साडेनऊ लाखांवर आलं तर कर शून्य. दोन वर्षांची सरासरी काढली तर तो ११ लाखांवरच आहे, कुठल्याच वर्षी कर लागायला नको. तरी ५२ हजार भरायचे. त्याचा गुन्हा काही नाही, पंचांग आणि कॅलेंडर यांचा मेळ बसला नाही एवढंच.

पगारदाराला असं झालं तर कायद्यात तोड आहे. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी एकदम हातात आली तेव्हा आमच्या शिक्षकांनी कलम ८९ ची सूट घेतली. फॉर्म १०ई भरायचा, थकबाकी ज्या ज्या वर्षाची त्या वर्षात धरून कर मोजायचा, जास्तीचा कर माफ. एका वर्षात कमाई साचली म्हणून माणसावर अन्याय होऊ नये, हे तत्त्व तिथे मान्य झालेलं आहे. मग ते छोट्या व्यापाऱ्याला का लागू नसावं? अमेरिकेत शेतकरी आणि मासेमार यांना आपलं उत्पन्न मागच्या तीन वर्षांवर पसरून कर मोजता येतो. ऑस्ट्रेलियात शेतीवर जगणाऱ्यांना काही वर्षांची सरासरी धरता येते. आपल्याकडे शेती उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे द्राक्षबागायतदाराला या सवलतीची गरज पडत नाही. पण ज्याचं पोट यात्रेवर आहे त्याचा धंदा शेतीइतकाच मोसमी असतो. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी, शिर्डी, कुठेही जा, देवाच्या तिथीवर चालणारी हजारो दुकानं या राज्यात आहेत. पण पंढरपूरची आषाढी जून-जुलैतच फिरते, ३१ मार्चच्या आसपास येत नाही. आमचा चैत्र नेमका त्या रेषेवर पडतो. २०२३ सालीही रामनवमी ३० मार्चला आली होती. तेव्हा पौर्णिमा ६ एप्रिलला गेल्यामुळे निम्म्याहून जास्त यात्रा पुढच्या वर्षात पडली आणि कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. यंदा येईल.

माझे वडील इथल्या एका किराणा पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्या वेळी पेढीचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या पुजायच्या आणि पाडव्यापासून नवी किर्द सुरू करायची. आयकर खात्यालाही ते चालत असे, व्यापाऱ्याला आपलं हिशेबाचं वर्ष निवडायची मुभा होती. १९८७ च्या दुरुस्तीनं ती गेली आणि १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सगळ्या देशाचं वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं. दिवाळी वर्षात एक गोष्ट आपोआप साधत असे. त्यात एक नवरात्र आणि एकच चैत्र येत असे, अधिक महिना असो नसो. यात्रेवर जगणाऱ्या गावाला ते वर्ष अंगाबरोबर बसत होतं. ते परत आणा असं मी म्हणत नाही. सगळ्या देशाचा हिशेब एका तारखेला मिटतो याचे फायदे मी रोज बघते. पण एकसारखेपणासाठी आम्ही जे सोडलं, त्याची भरपाई कायद्यात कुठेतरी हवी होती. ती झाली नाही.

या दोन चैत्रांचा जीएसटीशीही संबंध आहे. वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. खेळणी, बांगड्या, तसबिरी विकणारा जो दुकानदार दरवर्षी ३५-३६ लाखांवर थांबतो, तो यंदा मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत ती रेषा ओलांडू शकतो. नुसते नारळ विकणाऱ्याला ही चिंता नाही, तो माल करमुक्त आहे. पण आमच्याकडे एकाच दुकानात ओटी, तसबीर आणि खेळणं असं सगळं मिळतं. अशांनी २५ मार्चलाच एकदा वर्षाची बेरीज मारून घ्यावी.

आता १५ मार्चची तारीख. छोट्या व्यापाऱ्यांसाठी कलम ४४एडी आहे, आणि तो या कायद्यातला मला सगळ्यात माणुसकीचा भाग वाटतो. दोन कोटींपर्यंत उलाढाल असेल, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, तर पूर्ण हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. रोख विक्रीवर आठ टक्के आणि यूपीआय, बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरायचा. ३० लाखांच्या विक्रीत २० लाख मोबाइलवर आणि १० लाख रोख असतील तर उत्पन्न दोन लाख. मात्र हे किमान आहे. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा असतो, हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते. पिकअपवाल्यांसाठी ४४एई आहे. बारा टनांच्या आतल्या प्रत्येक गाडीमागे महिन्याला साडेसात हजार, दोन गाड्यांचे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. गाडी पावसाळ्यात दारात उभी असली तरी ते महिने मोजले जातात. आडत घेणाऱ्याला मात्र ४४एडी लागू नाही. कमिशनवर चालणारा धंदा कायद्यानं त्यातून वगळला आहे, आणि वणीच्या कांदा मार्केटमध्ये हे न कळल्यामुळे चुकीचा फॉर्म भरलेली माणसं मी पाहिली आहेत.

४४एडी घेणाऱ्याचा कर दहा हजारांच्या वर जाणार असेल तर त्यानं सगळा अग्रिम कर एका हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. यंदा १५ मार्चला गुढीपाडवाही झालेला नसेल. तेव्हा त्या लॉजवाल्यानं अजून न आलेल्या भाविकांच्या मुक्कामाचा अंदाज करून त्यावर कर भरायचा. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कमही अग्रिम करातच धरतात, पण १५ तारीख चुकली म्हणून एक टक्का व्याज लागतं. ५२ हजारांवर ५२० रुपये. रक्कम फार नाही. पण त्यापाठोपाठ सूचना येते, ती इंग्रजीत असते, आणि ती हातात घेऊन माणूस रात्री नऊ वाजता माझ्या घरी येतो. आयकराचं काही आलं या एका वाक्यानं आमच्याकडे घराची झोप उडते. ज्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं त्याचा अंदाज १५ मार्चला कशाला हवा? ४४एडी आणि ४४एई वाल्यांना ३१ मार्च ही एकच तारीख द्यावी. सरकारी तिजोरीला सोळा दिवसांनी फरक पडत नाही.

पण खरं नुकसान रिटर्नच्या तारखेनं होतं. ३१ जुलै चुकली की फक्त पाच हजार दंड, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार, एवढंच लोकांना माहीत असतं. दंड हा त्यातला सगळ्यात लहान भाग आहे. मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याला जुनी करपद्धत मिळत नाही, त्याला नवीच लागू होते. म्हणजे घरकर्जाचं व्याज, ८०सी चे दीड लाख, आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता, वर्षभर जमवलेल्या सगळ्या पावत्या एका दिवसाच्या उशिरानं कागद होतात. धंदेवाल्याला तर जुन्या पद्धतीसाठी फॉर्म १०-आयईए त्याच मुदतीत द्यावा लागतो, आणि एकदा जुनीतून नवीत परतला की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनी घेता येत नाही. पगारदार दरवर्षी बदलू शकतो, दुकानदार नाही. दुकानदाराची एक चूक कायमची असते.

त्याहून वाईट तोट्याचं. वणी-सापुतारा रस्त्यावर भाजीपाल्याचा व्यापार करणारा एक तरुण गेल्या डिसेंबरात आला. २०२४-२५ मध्ये टोमॅटोत त्याला सहा लाखांचा फटका बसला होता. कर्जासाठी बँकेनं रिटर्न मागितलं म्हणून तो आला होता, कर भरायचा नव्हताच. “तोटाच झालाय, मग घाई कसली, असं वाटलं,” तो म्हणाला. धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. त्याचे सहा लाख पुढच्या हिशेबातून पुसले गेले. तोटा झालेल्या माणसानं सगळ्यांच्या आधी रिटर्न भरायला हवं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. २०२५ साली मे महिन्यापासून पावसानं या तालुक्याची जी दशा केली, त्यात द्राक्षाचे व्यापारी, औषधविक्रेते, वाहतूकवाले सगळेच अडकले आहेत. बागायतदारांकडची उधारी वसूल होत नाही. या वर्षी तोट्याची रिटर्नं बरीच असतील. त्यांच्यातल्या एकाचाही तोटा तारखेपायी वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

यावर कुणी म्हणेल, सरकार मुदत वाढवतंच की. गेल्या वर्षी वाढवली. ३१ जुलैची तारीख २७ मे रोजी १५ सप्टेंबरवर नेली, कारण फॉर्ममध्ये बदल झाले होते आणि यंत्रणा तयार नव्हती. आयटीआर-३ भरण्याचं सॉफ्टवेअर जुलै उजाडल्यावर आलं. मग १५ सप्टेंबरच्या रात्री अजून एक दिवस वाढवून १६ केली. लेखापरीक्षण अहवालाची मुदत ३० सप्टेंबर होती. राजस्थान उच्च न्यायालयानं आदेश दिल्यावर ती ३१ ऑक्टोबर झाली, नंतर १० नोव्हेंबर, आणि त्या रिटर्नची १० डिसेंबर. दिल्लीत बसून हे उदारपणाचं वाटत असेल. वणीत जुलै हा वर्षातला सगळ्यात मोकळा महिना असतो. एप्रिल छाटणी उरकलेली, गोडी छाटणीला अवकाश, गडावर पावसाचं धुकं आणि दुकानात शुकशुकाट. व्यापाऱ्याला बसवून त्याच्याकडून एकेक कागद काढून घ्यायचा तर तेव्हाच. सप्टेंबरमध्ये तोच माणूस नवरात्राचा माल भरायला धावत असतो. २०२५ ची घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. मुदतवाढ मिळाली म्हणून त्यानं जुलैतलं काम पुढे ढकललं आणि ऐन सीझनच्या तोंडावर ते त्याच्यावर येऊन पडलं. मुदत वाढते तेव्हा मोठ्या पेढीचा फायदा होतो, कारण तिच्याकडे माणसं असतात. एकट्या दुकानदाराची सवय तेवढी बिघडते. आणि एखाद्या वर्षी वाढ मिळाली नाही की तो बेसावध सापडतो.

म्हणून माझी मागणी मुदतवाढीच्या उलट आहे. ३१ जुलै ठेवा, पण फॉर्म आणि ते भरण्याचं सॉफ्टवेअर १ एप्रिलला हातात द्या. करदात्याला उशिराबद्दल दंड आहे, तसं खात्याला सॉफ्टवेअर उशिरा आलं तर तितके दिवस मुदत आपोआप वाढेल, असं कायद्यातच लिहा. मग कुणाला मध्यरात्री परिपत्रकाची वाट बघत बसावं लागणार नाही, उच्च न्यायालयातही जावं लागणार नाही.

येत्या १ एप्रिलपासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ लागू होतो आहे. आर्थिक वर्ष वेगळं आणि आकारणी वर्ष वेगळं हा घोळ जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द येईल, हे फार चांगलं झालं. या घोळापायी चलनावर चुकीचं वर्ष टाकून पैसे भलतीकडे जमा झालेले मी पाहिले आहेत. (या वर्षीच्या कमाईचं रिटर्न मात्र अजून जुन्या कायद्यानंच भरायचं आहे, त्यात कुणी गोंधळू नये.) या कायद्याच्या पहिल्या मसुद्यात मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याला परतावाच मिळू नये अशी तरतूद होती. लोकांनी आक्षेप घेतले, संसदेच्या प्रवर समितीनं ती काढायला सांगितली आणि ती गेली. बोललं तर ऐकलं जातं. १ फेब्रुवारीला अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतील. नाशिक, धाराशिव, सोलापूरच्या व्यापारी संघटनांनी मोसमी धंद्यासाठी सरासरीची सवलत आणि एकच ३१ मार्चची तारीख या दोन गोष्टी तरी आतापासून लावून धरायला हव्यात.

वजावटीबद्दल आता थोडं, कारण मार्चमध्ये विचारतात ते सगळे त्याबद्दलच. १२ लाख पगार असलेल्या शिक्षकाचं गणित मी दर वर्षी कागदावर मांडून दाखवते. नव्या पद्धतीत ७५ हजार प्रमाणित वजावट जाऊन सव्वा अकरा लाख उरतात, कर शून्य. जुन्या पद्धतीत ५० हजार प्रमाणित वजावट, दीड लाख ८०सी, २५ हजार आरोग्यविमा, अडीच हजार व्यवसाय कर आणि वर घरकर्जाचं दोन लाख व्याज, एवढं सगळं धरूनही ६९,६८० रुपये कर लागतो. तरीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात याच शिक्षकाला कुणीतरी टॅक्स वाचेल म्हणून वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात मारतं. विमा हवा असेल तर जरूर घ्या, घराला गरज असते. पण जो कर लागणारच नाही तो वाचवण्यासाठी घेऊ नका.

आणि जो माणूस परताव्यातले दहा टक्के घेऊन रिफंड काढून देतो म्हणतो, त्याला पॅन आणि पासवर्ड देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. त्याची रीत ठरलेली आहे. कुठल्याशा अनोळखी राजकीय पक्षाला देणगी दाखवायची, नसलेलं शैक्षणिक कर्ज दाखवायचं, नसलेलं घरभाडं दाखवायचं. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्यानं देशभरात दीडशे ठिकाणी अशा मध्यस्थांची तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असं खात्यानं तेव्हा जाहीर केलं. त्यात माझ्या ओळखीचे गुरुजीही आहेत. परतावा परत गेला, वर व्याज आणि जादा कर गेला, आणि दहा टक्के घेणारा फोन उचलत नाही. कायद्याच्या नजरेत सही त्यांचीच होती.

या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात करायचं ते एवढंच. यूपीआयचं वर्षाचं स्टेटमेंट काढा, पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडून त्यातले आकडे आपल्याशी जुळतात का बघा, गेल्या एप्रिलच्या यात्रेत आठवड्याची विक्री किती झाली ते शोधा आणि तेवढीच यंदाच्या मार्चअखेर धरून बेरीज करा. बारा लाखांच्या किंवा चाळीस लाखांच्या जवळ कोण आहे ते फेब्रुवारीतच कळेल. रामनवमीला गडाखाली गर्दी लागली की तुम्हालाही वेळ नसेल आणि मलाही.